तेल न धरणारा तवा

आईचं उजवं मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरांनी त्यात टायटॅनियमची पट्टी बसवली. हाड छान जुळून आलं, पण बिडाचा तवा एका हाताने उचलण्याइतका जोर काही परत आला नाही. घरातला २६ सेंटिमीटरचा बिडाचा तवा अडीच किलोच्या आसपास भरतो. वर्षानुवर्षं तेल पाजून मी तो काळाभोर, तुळतुळीत केला होता, अंडं त्यावरून नुसतं घसरायचं. आई तो दोन्ही हातांनी धरायची, आणि तिरका करायची वेळ आली की मला हाक मारायची. स्वतःच्या स्वयंपाकघरात हाक मारावी लागते याचं तिला वाईट वाटायचं, मला त्याहून जास्त.

हलका तवा शोधताना टायटॅनियमवर येऊन थांबले. एक घनसेंटिमीटर लोखंड ७.९ ग्रॅम भरतं, तेवढंच टायटॅनियम ४.५ ग्रॅम. गंज नाही, मिठाची भीती नाही, आंबटाची नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘टायटॅनियम’ लिहिलेला एक तवा घेतला आणि जी विद्या मला येत होती तीच त्याच्यावर चालवली: धुतला, कोरडा केला, तेलाचा हात फिरवला, मोठ्या आचेवर धूर निघेपर्यंत तापवला, पुसला, पुन्हा तेल लावलं.

तिसऱ्या वेळी जो वास आला तो तेलाचा नव्हता. नाकात जाऊन बसणारा, तिखट. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आईला बाहेर काढलं. तवा निवल्यावर पाहिलं तर मधला भाग निस्तेज झाला होता आणि कडेला तेलाचा तपकिरी, चिकट राप बसला होता. मग माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तवा अ‍ॅल्युमिनियमचा होता. त्याच्यावर नेहमीचा नॉनस्टिक लेप, आणि लेप टिकाऊ व्हावा म्हणून त्यात मिसळलेले टायटॅनियमचे कण. एवढ्यावर नाव टायटॅनियम!

पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, नॉनस्टिक लेप २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडायला लागतो आणि साडेतीनशेच्या वर त्याच्यातून विषारी वायू निघतात. घरात पिंजऱ्यातले पक्षी असतील तर ते या धुराने दगावतात, माणसांना कणकण आणि खोकला होतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथवर पोहोचतो. बिडाला जे औषध तेच या तव्याला विष, आणि खोक्यावरचा एक शब्द वाचून मी ते दिलं. माझी चूक होतीच, पण नावाबद्दलची तक्रार आजही कायम आहे. भांडं कसलं आहे हे खोक्याच्या दर्शनी बाजूला लिहायला हवं, शेवटच्या पानावर नाही.

म्हणून कुणी विचारलं की ‘टायटॅनियमचा तवा सीझन कसा करायचा’, म्हणजे तेल पाजून तयार कसा करायचा, तर मी आधी विचारते, कुठला टायटॅनियम? कारण त्या नावाखाली तीन वेगळी भांडी विकली जातात. एक माझं पहिलं, लेपाचं. दुसरं पदरी भांडं: आतून टायटॅनियमचा पातळ पत्रा, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, बाहेरून स्टील. तिसरं निखळ टायटॅनियमचं. लेपाच्या तव्याला सीझनिंग लागतच नाही. साबणाने धुवायचा, तेलाचे दोन-तीन थेंब बोटाने पसरायचे, मंद आचेवर मिनिटभर कोमट करायचा आणि पुसून टाकायचा. माहितीपत्रकात त्यालाच सीझनिंग म्हटलेलं असतं, पण तिथे तेलाचा थर बसत नाही आणि बसवायचाही नसतो. फवाऱ्याचं तेल तर त्याच्यावर मारूच नये. त्यातलं लेसिथिन तापून चिकटतं आणि तो चिकटपणा काढता काढता लेप जातो.

दुसऱ्या खेपेला मी निखळ टायटॅनियमचा तवा आणला. जाडी एक मिलिमीटर, दांड्यासकट वजन सहाशे ग्रॅमच्या आत. आईने तो उजव्या हातात घेतला, उचलला, मनगट वळवून पालथा केला, परत सरळ केला. तीन-चार वेळा तेच केलं. मग पट्टी बसवलेल्या जागेवर डाव्या हाताचं बोट ठेवून म्हणाली, “अगं, हा यातलाच ना?” अगदी तोच नाही. हाडात बसवतात तो पुष्कळदा मिश्रधातू असतो, नव्वद टक्के टायटॅनियम, सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम. तवा जवळजवळ शुद्ध टायटॅनियमचा. पण घराणं एकच. मी “हो” म्हटलं.

नव्या तव्यावर कारखान्यातल्या पॉलिशचा आणि तेलाचा अंश असतो, म्हणून गरम पाणी-साबणाने दोनदा धुतला. मग त्यात पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळलं. पाण्यावर फिकट तवंग आला. तो ओतून तवा कोरडा केला आणि रिकामाच गॅसवर ठेवला, कारण हा धातू तापतो कसा हे मला आधी बघायचं होतं.

ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. आधी काहीच झालं नाही. मग बर्नरच्या ज्वाळांच्या बरोबर वर, करड्या पत्र्यावर, एक फिकट सोनेरी कडं उमटलं. बघता बघता ते गडद झालं, त्याच्या आत जांभळी रेघ आली आणि जांभळ्याच्या आत मोरपिशी निळा. मी घाबरून गॅस बंद केला. वाटलं, हाही जाळला. पण तो डाग नव्हता. टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर कायम असतो, काही नॅनोमीटर जाडीचा. धातू तापला की तो वाढतो, आणि त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग दिसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. रंग बदलला म्हणजे थराची जाडी बदलली. त्याने तवा बिघडत नाही, अन्नात काही उतरत नाही.

त्या कड्याने मला एक गोष्ट मात्र दाखवली. रंग फक्त ज्वाळांच्या रेषेवर होता, दोन बोटं बाजूला पत्रा कोरा करडाच होता. टायटॅनियम उष्णता पसरवण्यात फार मंद. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दहापटीने पसरवतं, बीडसुद्धा दुपटीहून जास्त. म्हणजे आच मोठी ठेवली की एका कड्यावर तेल जळणार आणि शेजारी अंडं कच्चं राहणार.

तापमान मोजायला मी इन्फ्रारेड तापमापक आणला, आणि त्याने आठवडाभर माझी दिशाभूल केली. तवा चांगला तापलेला, पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळी होऊन पळतोय, आणि यंत्र म्हणतंय ८५ अंश. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी प्रारणाने बाहेर टाकतो, म्हणून असं यंत्र त्याच्यावर आकडा बराच कमी दाखवतं. तेलाचा हात फिरवलेल्या जागेवर आकडा चढला, तरी पूर्ण भरवसा नाहीच. शेवटी मी पाण्याच्या थेंबावर आले. थेंब चर्रकन उडून गेला तर तवा अजून थंड आहे. तो पाऱ्यासारखा गोल होऊन घरंगळला तर पृष्ठभाग साधारण १९० अंशांच्या पुढे गेला आहे.

आता मुख्य काम. बिडाचा तवा मुरतो म्हणजे त्यात तेल शिरतं असं नाही. तेलातली असंतृप्त मेदाम्लं उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने एकमेकांत गुंफली जातात आणि कडक, कोरडा पापुद्रा तयार होतो. जवसाचं तेल सगळ्यात लवकर गुंफलं जातं, म्हणून सुरुवात त्याने केली. थर शक्य तितका पातळ लावला, फडक्याने सगळा पुसून काढला, इतका की लावलंय हेही कळू नये. ओव्हनमध्ये २३० अंशांवर तासभर ठेवला, आतच निवू दिला. असं चार वेळा. तवा मधासारखा तपकिरी, काचेसारखा चमकदार निघाला. आईने कौतुकाने त्याच्यावरून हात फिरवला.

पाचव्या दिवशी अंड्याबरोबर तो थर उलथन्यावर आला. नखाएवढे पोपडे, पारदर्शक, कडक. खाली कोरा करडा धातू, जसा आणला तसा.

जवसाचा थर ठिसूळ असतो, तो बिडावरूनही कधी कधी सुटतो, म्हणून मी तेल बदललं. सगळं खरवडून सूर्यफुलाचं तेल घेतलं, त्याच पद्धतीने तीन थर दिले. तो जास्त टिकला, जवळजवळ दोन आठवडे. मग बटाट्याच्या काचऱ्या मोठ्या आचेवर परतल्या आणि निळ्या कड्याच्या बरोबर वरचा थर सुटला. आंबट रस्सा केला त्या दिवशी उरलेलाही गेला.

माझ्या मते कारणं दोन. बिडाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्याच्या बारीक खळग्यांत पापुद्र्याला पाय रोवता येतात. टायटॅनियमचा पत्रा गुळगुळीत, आणि वरचा ऑक्साइडचा थर कुणाशी फारसा संबंध ठेवायला तयार नसतो. दुसरं म्हणजे पातळ पत्रा एका जागी झटकन तापतो, एका जागी थंड राहतो, थोडा वाकतो-सरळ होतो. कडक पापुद्र्याला ती ओढाताण सोसत नाही.

आईला मी हे सांगत होते तेव्हा तिने असा प्रश्न विचारला की मी गप्पच झाले. “हाड त्याला धरतं ना? डॉक्टर म्हणाले होते, हाड त्याच्यावर वाढतं. मग तेल का नाही धरत?”

प्रश्न चोख होता. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाच्या लक्षात १९५२ च्या सुमारास आलं. सशाच्या हाडात निरीक्षणासाठी बसवलेले टायटॅनियमचे भाग त्यांना परत काढता येईनात. दातांच्या इम्प्लांटची सुरुवात तिथून झाली. शरीर त्या धातूला परका मानत नाही, कारण त्याचा ऑक्साइडचा थर शरीराला काही करत नाही. मग हाडाच्या पेशी येऊन त्याच्यावर वाढतात. तेलाला अशा पेशी नाहीत. पण याच वाचनात एक उपयोगी गोष्ट हाती लागली: इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केला तर हाड जास्त चांगलं धरतं.

मग मी तव्याच्या मधोमध पेन्सिलीने रेघ मारली आणि अर्धा भाग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला. पेपर आणि तवा दोन्ही ओले ठेवून, कारण टायटॅनियमची कोरडी बारीक भुकटी ठिणगीने पेट घेऊ शकते. घासताना काळं पाणी निघालं. घासलेला अर्धा मंद, दुधी करडा झाला, उरलेला आधीसारखा चकचकीत. दोन्हींवर सूर्यफुलाच्या तेलाचे तीन थर एकाच वेळी दिले. निकाल स्पष्ट होता. घासलेल्या अर्ध्यावर थर महिनाभर टिकला, गुळगुळीत अर्ध्यावरचा दहा दिवसांत गेला. मी खूश झाले. फक्त एक झालं, घासलेल्या अर्ध्यावर अंडं जास्त चिकटायला लागलं. ज्या खळग्यांत तेल पाय रोवतं त्यांतच अंडंही रोवतं, आणि थर जरा विरला की अंड्याची पाळी पहिली.

या सगळ्याचा निकाल आईने लावला, तोही मी घरी नसताना. तिला त्या थराचा वास आवडत नव्हता, जुन्या तेलासारखा खवट येतो म्हणाली. तिने तव्यात पाणी-सोडा उकळला, थर लाकडी उलथन्याने खरवडला, तवा लख्ख केला आणि त्याच कोऱ्या तव्यावर स्वतःपुरतं अंडं केलं. मी आले तेव्हा ती जेवत होती. तवा ओट्यावर होता, त्यात अंड्याचा एक कणही नव्हता. “मंद आचेवर तापू दिला आणि घाई केली नाही,” एवढंच ती म्हणाली.

मी दोन महिने थर बसवायच्या मागे होते, आणि खरी गोष्ट आचेची होती. बिडाचा तवा न चिकटण्यात त्याच्या वजनाचाही वाटा असतो. अडीच किलो धातूत इतकी उष्णता साठलेली असते की थंड अंडं पडलं तरी तो फारसा निवत नाही. आमच्या टायटॅनियमच्या तव्यात त्याच्या साधारण चौथा हिस्सा उष्णता मावते. अंडं पडलं की त्याच्याखालचा पत्रा झटकन निवतो, आणि कच्च्या अंड्यातली प्रथिनं घट्ट व्हायच्या आधी धातूला बिलगतात. हा तवा आपण गडबडीत तापवतो तेव्हा तापतं ते फक्त ज्वाळांच्या वरचं कडं, बाकी थंडच असतो.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली आहे. मध्यमहून कमी आच, तीन-चार मिनिटं, मधेमधे तवा फिरवायचा म्हणजे कडं एका जागी राहत नाही. थेंब घरंगळला की आच आणखी कमी. चमचाभर तेल घालून सगळीकडे फिरवायचं, त्यावर बारीक लाटा दिसायला लागल्या की तेल वाटीत काढायचं आणि घडी केलेल्या फडक्याने तवा पुसायचा. फडकं चिमट्यात धरावं, बोटं भाजतात. मग थंड तेल थोडं घालायचं आणि लगेच अंडं. टाकल्यावर हात लावायचा नाही. कडा पांढऱ्या होऊन उचलल्या गेल्या की तव्याला हलकासा झटका द्यायचा, अंडं आपलं आपण सुटतं. सुटलं नाही तर अजून वीस सेकंद थांबायचं. उलथनं घालून ओढलं की संपलं.

गरम तेलाचा तो हात हेच या तव्याचं सीझनिंग, आणि ते दर वेळी नव्याने करायचं. महिन्यातून एकदा ओव्हनमध्ये घालून मिळवायचं ते नाही. रोजच्या वापरात तव्याला फिकट गव्हाळ झाक येते, ती मी घासत नाही. आंबटाने गेली तर जाऊ देते, चार दिवसांत परत येते. बिडाच्या तव्याचा थर गेला की मला हळहळ वाटायची, कारण उघडं बीड रातोरात गंजतं. इथे थर गेला तरी खालचा धातू उघडा पडतच नाही, त्याचं ऑक्साइडचं पांघरूण ओरखडा पडताक्षणी पुन्हा तयार होतं. म्हणून साबण चालतो, रात्रभर भिजत ठेवला तरी चालतो, मिठाचं पाणी राहिलं तरी स्टीलला पडतात तसे बारीक खड्डे पडत नाहीत.

तापलेला तवा मात्र नळाखाली धरत नाही. पातळ पत्रा वेडावाकडा होतो आणि मग सपाट बसत नाही. करपलं तर सोडा आणि पाणी उकळून अर्धा तास तसंच ठेवायचं, नव्वद टक्के काम होतं, उरलेलं काथ्याने. तारेची घासणी धातूला अपाय करत नाही, पण आमच्या अर्ध्या तव्याची गोष्ट तिने पुन्हा घडते: खरखरीत जागा चिकट होते. पांढुरके ठिपके दिसले तर ते पाण्यातले क्षार, व्हिनेगरने पुसले की जातात. निळं-जांभळं कडं व्हिनेगरने जात नाही, ते तसंच राहू द्यावं. पदरी भांडं असेल तर कडेला मधला अ‍ॅल्युमिनियमचा पदर उघडा दिसतो का बघावं. डिशवॉशरच्या तीव्र पावडरीने तो पदर खाल्ला जातो आणि कड धारदार होते. निखळ टायटॅनियमला ती अडचण नाही. इंडक्शनच्या शेगडीवर मात्र निखळ टायटॅनियम उपयोगाचं नाही, तिथे बाहेरून चुंबकीय स्टील असलेलं पदरी भांडंच घ्यावं लागतं.

तव्याचा घासलेला अर्धा अजून तसाच आहे. आईने त्याचाही उपयोग शोधला. कांदा, बटाटा, जे परतायचं ते ती त्या दुधी बाजूला करते, तिथे ते जरा धरून राहतं आणि छान तांबूस होतं. अंडं करायचं असलं की तवा शेगडीवर थोडा सरकवून चकचकीत अर्धा ज्वाळेवर आणते, थेंब टाकून बघते, आणि झटका उजव्या हाताने देते.